पात आमची, कांदा परका

रस्त्याच्या कडेला बसून धंदा करणाऱ्या बाईला किस्से शोधावे लागत नाहीत. गाडी थांबते, काच खाली येते, एक किस्सा होतो, काच वर जाते. मग पुढची गाडी येईपर्यंत आम्ही तोच चघळत बसतो. असा दिवस जातो. कांदा तिथेच राहतो आणि किस्से मात्र घरी घेऊन जावे लागतात!

आम्ही म्हणजे वडखळहून अलिबागकडे जाताना ज्या निळ्या ताडपत्र्या दिसतात, त्यांच्याखाली बसणाऱ्या बाया. पांढरा कांदा विकतो. भात काढून झालं की त्याच जमिनीत हा कांदा लावायचा, उन्हाळ्याच्या तोंडाला उपटायचा, पात न कापता सुकवायचा आणि त्या सुक्या पातीची वेणी घालून माळ विणायची. माझं माहेर माणगावकडचं. तिथे फक्त भात. माळ विणायला मी लग्नानंतर शिकले, यशोदाकाकीकडून. काकी माझ्या सासूची चुलत जाऊ. आमच्या रांगेत वयाने सगळ्यांत म्हातारी आणि तोंडाने सगळ्यांत तरुण. तिच्या पलीकडे मनीषा, माझ्याच वयाची. आणि सगळ्यांच्या पुढे, पक्क्या पत्र्याच्या टपरीत नंदूभावजी. माझे लांबचे दीर. ते व्यापारी. आम्ही बसतो ती कड त्यांच्या आवाराला लागून आहे आणि तिथे बसू द्यायचं की नाही ते त्यांच्या हातात, त्यामुळे त्यांच्याशी कोणी वाकडं बोलत नाही. काकी सोडून.

माझी शाळा सातवीपर्यंत. पुढची शाळा लांब होती आणि घरात कोणाला घाई नव्हती, एवढंच. माझी तन्वी नववीत आहे. तिच्याबद्दल मी एक गोष्ट ठरवून टाकलेली: तिने या ताडपत्रीखाली बसायचं नाही. दहावी, मग कॉमर्स, मग कुठल्या तरी ऑफिसात पंख्याखाली खुर्ची. शनिवार-रविवारी सगळ्यांची पोरं मदतीला येतात, माझी येत नाही. मनीषा टोमणा मारते, "पोरीला शोकेसमध्ये ठेव गं, धूळ लागेल." ठेवते! या रस्त्यावर लोक जसे कांद्याकडे बघतात तसे बाईकडे बघतात, आणि दोन्ही हाताळून खाली ठेवतात. पोरीच्या काळजीने माझा घास उतरत नाही कधी कधी. ते असो. किस्से सांगते.

* * *

पुण्याची गाडी थांबली. काशीदच्या समुद्रावर निघालेली मंडळी. साहेब उतरले, माझी माळ हातात घेतली, वास घेतला आणि म्हणाले, "एक कापून दाखवा."

मी कापून दिला. आमचा कांदा गोड. कच्चा खाल्ला तरी डोळ्यांत पाणी येत नाही, तीच त्याची ओळख. साहेबांनी फोड तोंडात टाकली, चावली, आणि बायकोकडे बघून मान हलवली.

"तिखटच नाहीये. डुप्लिकेट दिसतोय."

"साहेब, हाच अस्सल. आमचा गोडच असतो."

"आम्हाला नका शिकवू. सगळे व्हिडिओ बघून आलोय."

आणि गेले की नंदूभावजींच्या टपरीवर! भावजींकडे बाहेरून पोत्यांत येणारा पांढरा कांदा असतो. तो माळेत कसा जातो ते पुढे सांगते. साहेबांनी तिथेही फोड मागितली. चावली मात्र, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी! नाक लाल, रुमाल ओला. बायको म्हणते, "अहो, काय झालं?" साहेब हुंदका आवरल्यासारखे म्हणाले, "हा! हा खरा!"

दोन्ही हातांत मावतील तेवढ्या माळा घेऊन गाडीत बसले.

काकी पान लावत होती. न बघताच म्हणाली, "रडवील तो खरा. दादल्यागत हाय बघ."

* * *

तन्वीच्या पुस्तकात व्यापाराचा धडा आहे. तो चालू असताना कदम मॅडम अख्खा वर्ग चालवत आमच्या रांगेवर घेऊन आल्या. क्षेत्रभेट म्हणतात त्याला. पोरापोरींच्या हातात वह्या, पेनं. तन्वी एकदम मागे. तिला लाज वाटू नये म्हणून मी पदर कपाळावर ओढून घेतला आणि खाली मान घालून विणत बसले.

एक चुणचुणीत पोरगी काकीसमोर उभी राहिली. पाठ करून आलेली.

"आजी, तुम्ही उत्पादक, घाऊक व्यापारी, की किरकोळ विक्रेता?"

काकीने तिला खालून वर बघितलं.

"मी विधवा."

वर्ग खो खो हसला. मॅडम पुढे आल्या, समजावून सांगायला लागल्या. "तसं नाही हो आजी. आपण सोपं करू. हा माल येतो कुठून?"

"जमिनीतून."

"बरोबर. आणि जातो कुठे?"

"काशीदला."

"छान! आता बघा, पिकवणारे तुम्ही, आणि खाणारा ग्राहक तिकडे. तुमच्या दोघांच्या मध्ये कोण असतं?"

काकीने रस्त्याकडे बघितलं. तेवढ्यात एक गाडी हळू झाली, आतून कोणी तरी माळांचा फोटो काढला आणि गाडी गेली.

"काच," काकी म्हणाली.

मॅडम म्हणाल्या, "मुलांनो, मध्यस्थ असं लिहा."

जाताना मॅडमनी काकीच्या माळा घेतल्या. माझ्याकडे कोणी वळलंही नाही. घरी गेल्यावर तन्वी फणकारली, "आई, तू पदर कशाला ओढलास? सगळ्यांना माहितीये तू माझी आई आहेस."

मला भरून आलं. म्हटलं, "अगं, तुला वाईट वाटेल म्हणून."

"वाईट वाटलंच," ती म्हणाली. "अख्खा वर्ग समोर उभा होता आणि तू एक शब्द बोलली नाहीस. असं कोण विकत घेईल?"

* * *

दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. भवानीचं गिऱ्हाईक परत पाठवायचं नाही, हे आम्ही सगळ्या पाळतो. पाडून मागितलं तरी द्यायचं, नाही तर दिवस वाया जातो. कोणी सांगितलं विचारू नका. पाळतो.

हे काशीदकडच्या एका होमस्टेवाल्याला कळलं. झालं! दर शनिवारी हा माणूस उजाडताच हजर. आम्ही ताडपत्री बांधतोय, तोंडावरचं पाणीसुद्धा सुकलेलं नाही, आणि हा उभा. माळेला हात जोडायचा. "मावशी, भवानी आहे, नाही म्हणू नका हं!" आणि अर्ध्या भावात उचलायचा. माझ्याकडची भवानी करायचा, मग मनीषाकडची, मग काकीकडची. सगळ्या रांगेचं पहिलं गिऱ्हाईक तोच! सगळ्या देवांचा प्रसाद एकट्याने खाल्ल्यासारखा.

एका शनिवारी काकीने आम्हाला अंधारातच बोलावलं. मी काकीची माळ घेतली, काकीने मनीषाची घेतली, मनीषाने माझी. पुऱ्या भावात. तो आला, हात जोडले, तोंड उघडलं.

"भवानी झाली, मालक," काकी म्हणाली. "आता बाजारभाव."

"एवढ्या सकाळी? कोणी घेतलं?"

"आम्हीच."

काय तोंड झालं त्याचं! आम्ही पोट धरून हसलो. त्याने गाडी फिरवली आणि पुढे टपरीशी लावली. नंदूभावजींशी चहा झाला, टाळी झाली. तेव्हापासून त्याचा सगळा माल भावजींकडून घरपोच जातो. त्याचा आणि त्याच्या ओळखीच्या सगळ्या होमस्टेंचा.

मनीषा बिचारी विचारते, "काकी, जिंकलो ना पण आपण?"

"व्हय तर. आता ते जिंकलेलं घेऊन बस उन्हात."

* * *

आता पातीचं.

कांदा काढून शेतात पसरलेला असताना अवकाळी आला. सगळ्यांचंच थोडंफार गेलं, मनीषाचं जवळजवळ सगळं. कांदे आतून नासले. पात तेवढी तिने घाईघाईत कापून पडवीत नेऊन पसरली होती म्हणून वाचली. बिनकांद्याची पात! तिच्याकडे बघून मनीषा रडत बसलेली.

नंदूभावजी आले. आम्हाला वाटलं धीर द्यायला आले. आणि दिलाच म्हणा.

"मनीषा, कांदा गेला तर जाऊ दे. पात दे मला."

त्यांचा बाहेरचा कांदा शेंडे छाटून येतो. त्याला पातच नाही, मग माळ कशी विणणार? आणि माळ नसेल तर तो नुसता पांढरा कांदा, कुठल्याही भाजीवाल्याकडे मिळेल असा. तर आमच्या पातीची वेणी घालायची आणि परका कांदा तिच्यात सुतळीने बसवायचा. सुतळी आतून, दिसायची नाही. वेणी मात्र घट्ट हवी, आमच्या हातची.

"वहिनी," भावजी मला म्हणाले, "लोक कांदा बघतच नाहीत. वेणी बघतात."

मनीषाने डोळे पुसले. "म्हैस मेली आणि शेपटीला गिऱ्हाईक आलं!" म्हणाली. आणि पातीच्या पेंढ्या बांधायला उठली. नाही तर काय करणार? तिची पात संपली तशी आमचीही गेली. आमचा उरलासुरला कांदा आम्ही पात कापून सुटा विकायला ठेवला, आणि आमच्या पातीत त्यांचा कांदा विणून दिला. म्हणजे आमचा कांदा परक्यासारखा दिसायला लागला आणि परका आमच्यासारखा!

आमच्या कांद्याला सरकारचं भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गावात पेढे वाटले होते. काकीने तो पेढा आठवून विचारलं, "नाव लय मोठं झालं ना गो आपल्या कांद्याचं?"

"हो काकी."

"एवढं मोठं झालं, की आता कांदाच लागत न्हाय."

* * *

नाव झालं म्हणजे खोका आला. नंदूभावजींनी पुठ्ठ्याचे खोके छापायला दिले. त्याच्यावर शेतकरीण हवी, म्हणाले. काकीला टपरीसमोर उभं केलं, गळ्यात माळ, डोक्यावर पदर. "काकी, हस!" काकी हसली. पुढचे दात कधीच गेलेले. तरी मनापासून हसली. आयुष्यात कोणी हस म्हणून सांगितलं नव्हतं तिला.

खोके आले. चकचकीत. वर एक बाई, गोरीपान, कपाळावर चंद्रकोर, नाकात नथ आणि तोंडभर पांढरेशुभ्र दात.

काकीने खोका उलटासुलटा केला. "ही कोण रे?"

"तूच काकी! डिझायनरने जरा सुधारली."

"मी नथ कवा घातली?"

"घातली त्यांनी. कॉम्प्युटरवर. गिऱ्हाईकाला प्रसन्न वाटायला पाहिजे ना."

काकीने त्या नथीवरून अंगठा फिरवला. मग खोका शांतपणे त्यांच्या हातात दिला.

"दात दिलेस तसं त्यांना चावायला पण कायतरी दे."

भावजी हसले. हसण्यावारी नेतात ते सगळं. मग माझ्याकडे वळले. "वहिनी, तन्वीला सुट्टीत पाठवा माझ्या काउंटरला. हिंदी, इंग्लिश बोलते पोरगी. चेहरा बोलका आहे."

"ती नाही बसणार," मी म्हटलं.

"बसेल हो. विचारा तर तिला."

"विचारायचं काय त्यात? नाही बसणार."

"बरं बरं. शोकेस," ते म्हणाले. मनीषाचा शब्द त्यांच्यापर्यंत पोचलेला!

* * *

मग तो पनवेलचा माणूस.

रविवार, गर्दीची वेळ. गाडीतून उतरला तो ओरडतच उतरला. हातात माळ, कांदे काळे पडलेले, वास सुटलेला. सरळ माझ्यासमोर आणून आपटली. "आठ दिवस नाही टिकला! वर्षभर टिकतो म्हणून सांगता!"

माळ बघितली आणि मी ओळखली. कांदा भावजींचा, वेणी माझी. शेवटची गाठ मी कशी मारते ते मला कळतं. नाकारू कशी आणि कबूल करू कशी?

बाजूला माणसं जमली. माझ्या तोंडून खरं तेच निघून गेलं. "साहेब, हा बाहेरचा कांदा आहे. आमच्याकडचा नाही. तुम्ही पलीकडच्या टपरीतून घेतला असेल."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं!" तो आणखीच चवताळला. मोबाइल काढून माझ्या तोंडासमोर धरला. "बघा मित्रांनो, या बाईंना सगळं माहीत होतं! सगळे मिळालेले आहेत! नाव काय तुमचं?"

माझ्या मनात एकच, हे तन्वीच्या शाळेत कोणी बघितलं तर? माझ्याकडची जपून ठेवलेली एक खरी माळ होती, ती त्याच्या हातात दिली, हात जोडले. मग गेला. ज्याने खराब कांदा विकला तो टपरीत बसून सगळं बघत होता, आणि माल भरून दिला मी!

संध्याकाळी भावजी आले. आवाज एकदम मऊ.

"वहिनी, गिऱ्हाईकाला बाहेरचा कांदा म्हणालात?"

मी ताडपत्रीची दोरी सोडत राहिले.

"तुम्हाला बोलायचं कळत नाही, त्यात तुमचा दोष नाही. पण असं झालं तर मला ही कड मोकळी करून घ्यावी लागेल. नाही तर तन्वीला बसवा. ती नीट बोलेल. मग जागा तुमचीच."

म्हणजे पोर किंवा जागा. मी म्हटलं, "मग जागा घ्या." म्हटलं खरं, पण रात्रीच्या भाकऱ्या करताना दोन करपल्या.

काकी बसायला आलेली. तन्वी पुस्तक उघडून मला धीर द्यायला मोठ्याने वाचत होती. माहितीचा हक्क, निवडीचा हक्क, तक्रारीचा हक्क. ग्राहकाचे हक्क, एकाखाली एक.

काकीने विचारलं, "आणि विकणारणीचे?"

तन्वीने पान उलटलं.

"पुढे स्वाध्याय आहे."

आम्ही हसलो. तन्वी नाही हसली. पुस्तक मिटून म्हणाली, "आई, पण तू त्याला खरं कशाला सांगितलंस? खरं सांगितल्यावर तो जास्त चिडला. त्याला खरं नकोच होतं."

"मग काय हवं होतं?"

"त्याला बरं वाटायला हवं होतं."

काकीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "अभ्यास कर."

* * *

हा शेवटचा. मे महिन्यातला, शनिवारचा. रस्ता गाड्यांनी फुललेला.

सासूबाईंच्या डोळ्याला पडदा आलाय, त्यांना अलिबागला दवाखान्यात न्यायचं होतं. नंदूभावजींनी तोवर जागा काही काढून घेतली नव्हती, पण रोज जाता-येता ताडपत्रीच्या काठीला हात लावून जायचे. एक दिवस ती रिकामी दिसली तर संपलंच, म्हणून मी काकीला सांगून गेले, "माझ्या इथे पोतं तरी पसरून ठेव." तन्वीला बजावलं, "घरातच थांब. रस्त्यावर यायचं नाही." ती बरं म्हणाली.

दुपार टळल्यावर एसटीतून उतरलो. सासूबाईंना थांब्याच्या सावलीत बसवलं, म्हटलं काकीला सांगून येते. रस्त्याच्या पलीकडे बघितलं.

माझ्या ताडपत्रीखाली तन्वी बसलेली. अंगात शाळेचा युनिफॉर्म. दोन वेण्या, लाल रिबिनी. शाळेला तर सुट्टी लागलेली! मांडीवर पुस्तक उघडं. पुढ्यात नंदूभावजींच्या माळा, अगदी थोड्या उरलेल्या. माझा कांदा मागे गोणपाटाखाली झाकून ठेवलेला.

गाड्यांमधून वाट काढत मी रस्ता ओलांडला. मनात हेच, की हाताला धरून उठवायचं, सगळ्यांसमोर दोन थोबाडीत द्यायच्या आणि घरी न्यायचं. आधी काकीच आडवी आली.

"मी न्हाय बोलावलं गो. आपणहून आली. सकाळपासून बसलीय. एक गिऱ्हाईक रिकामं गेलं न्हाय."

मनीषाने तर विणायचं थांबवलेलं. नुसती बघत होती. टपरीच्या दारात नंदूभावजी हाताची घडी घालून उभे.

तन्वीसमोर एक बाई होत्या. चांगल्या घरच्या, सुती साडी, डोळ्यांवर गॉगल सरकवलेला. मागे गाडी उभी, काच पूर्ण खाली, आत त्यांची मुलगी. तन्वीएवढीच असेल.

तन्वीचा आवाज मी इतका गोड कधी ऐकला नव्हता.

"मॅम, हा आमच्या स्वतःच्या शेतातला. ही वेणी बघा ना, आईच्या हातची आहे. आई आता अंथरुणावरून उठू शकत नाही. म्हणून मी बसते. गिऱ्हाईक नसलं की अभ्यास करते. मला कॉमर्सला जायचंय."

बाईंनी गॉगल काढला. खरंच डोळे भरलेले त्यांचे. गाडीकडे वळून मुलीला म्हणाल्या, "बघ. बघ जरा हिच्याकडे." मग तन्वीच्या गालाला हात लावला. माळेकडे बघून मात्र थोड्या थबकल्या.

"बाळ, ओरिजिनल आहे ना पण? राग नको मानू. हल्ली फार फसवतात गं या रस्त्यावर."

तेवढ्यात मी पोचले. एकदम समोर. घामाने थबथबलेली, हातात दवाखान्याची पिशवी. तन्वीने मान वर केली. आमची नजरानजर झाली. पोरीची पापणी लवली नाही.

"या ना मावशी," ती मला म्हणाली. "बोला, काय देऊ?"

काकीने तोंड फिरवलं. मनीषाने हातातली पात खाली ठेवली. माझा हात थोबाडीत मारायला उचललेला की नुसताच वर राहिलेला, मला आठवत नाही.

त्या बाईंना बरं वाटलं असावं आणखी एक गिऱ्हाईक बघून. माझ्याकडे वळल्या, विश्वासाने.

"तुम्ही इथल्याच का हो? इथूनच घेता तुम्ही?"

मी वाकले. पुढ्यातली एक माळ उचलली.

"दरवर्षी इथूनच नेते," मी म्हटलं. "हिची आई बसायची तेव्हापासून."